पाच मिनिटांनी परत करते

फोन गेला हे अण्णांना शुक्रवारी सकाळी सव्वानऊला कळलं.

बायको गेल्यापासून फोन पुसण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. सात महिने झाले. ती पुसायची तसंच ते पुसायचे. आधी बटणं, मग पीळ पडलेली दोरी, मग रिसीव्हर, आणि शेवटी रिसीव्हर कानाला लावून एकदा आतला आवाज ऐकायचा. ती तो का ऐकायची हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची सोय नव्हती, म्हणून तेही ऐकायचे. त्या शुक्रवारी रिसीव्हर कानाला लावला तर आत काहीच नव्हतं. खरखर नाही, घरघर नाही. चप्पल कानाला लावली असती तरी एवढंच ऐकू आलं असतं.

दुसऱ्या कुणी ‘गेला तर गेला’ म्हणून फोन उचलून माळ्यावर टाकला असता. घरातला फोन हल्ली वापरतं कोण? अण्णांकडेही मोबाइल होता. तो ते चष्म्याच्या जुन्या घरात घालून कपाटात ठेवत, म्हणजे सुरक्षित राहतो. पण अण्णांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, बोटांवर मोजलं आणि ते खाली बसले. गुरुवारला सहा दिवस उरले होते. गुरुवारी सकाळी अकरा वाजता ताईंचा फोन यायचा होता.

ताई म्हणजे त्यांच्या बायकोची थोरली बहीण. वय ब्याऐंशी. राहायला दुसऱ्या गावी, बसने सात तास. त्यांना जगातला एकच फोन नंबर पाठ होता, तो या घरचा, आणि तोही डोक्यात नव्हता, बोटात होता. हा नंबर लागला नाही तर ताई काय करतात हे अण्णांनी एकदा पाहिलं होतं. आठ वर्षांपूर्वी रस्ता खणताना तार तुटली आणि फोन दोन दिवस बंद पडला. तिसऱ्या दिवशी ताई हातात पिशवी घेऊन दारात उभ्या. “फोन लागेना, म्हटलं बघून यावं सगळे जिवंत आहात का,” म्हणाल्या, आणि अकरा दिवस राहिल्या.

या वेळी त्या बघायला आल्या असत्या तर सगळे जिवंत नव्हते. आणि ते ताईंना माहीत नव्हतं.

धाकटी, म्हणजे अण्णांची बायको, गेली त्याच आठवड्यात ताईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ताईंचा मुलगा म्हणाला, “काका, आईला आत्ता काही सांगू नका. जरा उभी राहू दे, मग मीच जवळ बसून सांगतो.” ताई दीड महिन्यात उभ्या राहिल्या, दोन महिन्यांत फिरायला लागल्या, तिसऱ्या महिन्यात सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागल्या. मुलगा काही सांगेना. त्याला वाटत होतं काका सांगतील, काकांना वाटत होतं तो सांगेल. अण्णांनी पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढली होती. या अवस्थेला ‘प्रकरण विचाराधीन’ म्हणतात आणि ती माणसांपेक्षा जास्त जगते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पण दर गुरुवारी धाकटी फोनवर का येत नाही, याचं काहीतरी कारण द्यावं लागे. अण्णा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी वही घातली. तारीख, दिलेलं कारण, शेरा. तेच कारण पुन्हा जाऊ नये म्हणून. तरीही दातांचा डॉक्टर जरा जास्तच वेळा गेला.

“काय रे,” ताईंनी मागच्या महिन्यात विचारलं होतं, “माणसाला दात बत्तीसच असतात ना? धाकटीचे तर चौतीस काढून झाले.”

“दोन परत आले होते, ताई,” अण्णा म्हणाले, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘दात हा विषय बंद.’

ताई त्यांना ‘काय रे’ म्हणतात याचं कारण त्यांनी अण्णांना अर्ध्या चड्डीत पाहिलं आहे.

अण्णांच्या लहानपणी त्या गल्लीत एकच फोन होता आणि तो त्यांच्या घरी होता. वडील वीज कंपनीत, केव्हाही बोलावणं यायचं, म्हणून कंपनीने बसवून दिलेला. काळा, तबकडीचा, इस्त्रीएवढा जड. बाहेरच्या खोलीत त्याला स्वतःचं तीन पायांचं टेबल होतं. अण्णांना तेव्हा स्वतःची खुर्चीसुद्धा नव्हती. तबकडीच्या भोकात वडील एक छोटं कुलूप घालून ठेवत. कुलपामुळे फोन लावता येत नसे, पण आलेला घेता येई. म्हणून गल्लीतल्या सोळा घरांनी आपापल्या नातेवाइकांना हाच नंबर देऊन ठेवला होता. फोन वाजला की आई उचलायची, “धरा हं,” म्हणायची, आणि अण्णा पळत सुटायचे. कुणाला मुलगी झाली, कुणाची बदली झाली, कुणाचं जमलेलं लग्न फिसकटलं, हे त्या त्या घराच्या आधी अण्णांना माहीत असे. वयाच्या नवव्या वर्षी त्यांना गल्लीत जो मान होता तो पुढे हेडक्लार्क झाल्यावरही परत मिळाला नाही.

समोरच्या घरातली थोरली लग्न होऊन लांब गेली. लांबच्या फोनला मिनिटं मोजली जात, म्हणून तिने एक पद्धत बसवली. फोन लावायचा, “धाकटीला बोलाव, पाच मिनिटांनी परत करते,” एवढं बोलून ठेवून द्यायचा. त्या पाच मिनिटांत अण्णा रस्ता ओलांडून जात, धाकटी हातातलं टाकून पळत येई, ओल्या हातांनी रिसीव्हर धरी आणि ताई जितक्या लांब असतील तितक्या मोठ्याने बोले. पहिल्यांदा तिने रिसीव्हर उलटा धरला, कानाकडचा भाग तोंडाशी. अण्णा हसले. तर ती हट्टाने तसाच उलटा धरून शेवटपर्यंत बोलली.

वडिलांची ताकीद होती की बाहेरचं कुणी फोनवर असेल तर मुलाने खोलीत थांबायचं आणि कुलपावर नजर ठेवायची. वडिलांच्या सगळ्या ताकिदींपैकी अण्णांनी ही एकच मनापासून पाळली, ती चौदा वर्षं. “फोन घ्यायला म्हणून यायची,” त्यांची आई सांगत असे, “एक दिवस परत गेलीच नाही.”

लग्नानंतर धाकटी फोनपासून आठ पावलांवर राहू लागली. ताईंनी पद्धत बदलली नाही. जुनं घर पाडून तिथेच तीन मजली इमारत झाली, काळा फोन माळ्यावर गेला, बटणांचा आला, नंबरापुढे दोन आकडे वाढले. ताईंचं तेच. “धाकटीला बोलाव, पाच मिनिटांनी परत करते.” धाकटी शेजारी उभी असली तरी अण्णा “बोलावतो” म्हणून ठेवून देत. मग दोघं फोनकडे बघत बसत. अण्णांनी काही काम सांगितलं तर ती म्हणे, “थांबा हो, मी अजून रस्ता ओलांडतेय.”

तर असा हा फोन होता आणि तो गेला होता.

शनिवारी खालच्या मजल्यावरचा विमावाला वर आला. विमा विकणं त्याने सोडलं होतं, पण समोरच्याला बोलू न देण्याची सवय सुटली नव्हती.

“अण्णा, तक्रार करू नका,” तो म्हणाला. “तक्रार केलीत की तुम्ही तक्रारदार झालात. मग तुमचं कुणी ऐकत नाही. माझा एक माणूस आहे तिथे.”

त्याने आपल्या माणसाला मोबाइलवरून फोन लावला. माणूस चार वर्षांपूर्वी टेलिफोन खातं सोडून रोपवाटिका चालवत होता. त्याने कुंड्यांची चौकशी आहे का, असं विचारलं.

“हरकत नाही,” विमावाला म्हणाला. “दोष तारेत आहे. शंभर टक्के. स्टूल आहे का?”

स्टूल होतं. विमावाला स्टुलावर चढला, तिथून फोनच्या टेबलावर, तिथून खिडकीच्या कट्ट्यावर. बाहेरच्या भिंतीवरून गच्चीकडे गेलेली एक तार त्याने पकडली आणि म्हणाला, “ही बघा, ताण नाहीये हिच्यात.” मग त्याने ताण दिला.

तार आली. सगळीच आली. तिच्याबरोबर गच्चीवरची एक डबी, दोन खिळे आणि कावळ्याच्या घरट्यातल्या काही काड्या आल्या. विमावाला मागे टेबलावर आला, टेबलावरून फोन खाली गेला आणि त्याचे दोन भाग झाले. बटणं एकीकडे, बाकीचं सगळं दुसरीकडे.

“आता निदान आपल्याला कळलं,” विमावाला म्हणाला.

“काय कळलं?”

“की दोष तारेत नव्हता. ही फोनची तारच नाही.”

ती टीव्हीची होती. दोन मिनिटांत त्याच मजल्यावर समोर राहणाऱ्या काकू हातात रिमोट घेऊन दारात आल्या. त्यांच्या मागे वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात जमली.

“कुणी केलं हे?” काकूंनी विचारलं. “ती बाई पडद्यामागून बाहेर येणार होती हो! दीड वर्षं ती पडद्यामागे आहे. आज येणार होती!”

विमावाल्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी, घर आपलं आहे म्हणून, मान खाली घातली. चौतीस वर्षांत कुणी त्यांच्याशी रिमोट रोखून बोललं नव्हतं.

रविवारी टीव्हीवाल्याने येऊन तार जोडली. फुटलेला फोन काही जुळेना, म्हणून अण्णांनी माळ्यावरून काळा फोन काढला. तो उतरवताना त्यांना वडिलांच्या रागाची आठवण झाली, कारण लहानपणी तो उचलायची परवानगी नव्हती. अजूनही इस्त्रीएवढाच जड होता. भोकात कुलूप तसंच होतं, किल्ली नव्हती. अण्णांनी तो आधी तबकडी, मग दोरी, मग रिसीव्हर असा पुसला आणि तीन पायांचं टेबल राहिलं नव्हतं, आताचं विमावाला चढल्यापासून डगमगत होतं, म्हणून शिवणयंत्रावर ठेवला.

सोमवारी ते टेलिफोन कचेरीत गेले.

कचेरीत जाणं म्हणजे अण्णांना माहेरी जाण्यासारखं होतं. आत शिरल्याशिरल्या त्यांनी पाहून घेतलं. फायली उभ्या लावलेल्या, आवक टपालाचा ट्रे उजवीकडे, शाईचा पॅड ओला. बरी कचेरी आहे, असं त्यांचं मत झालं. फक्त एक गोष्ट चुकत होती. ते खिडकीच्या नको त्या बाजूला उभे होते. पुढे एकोणीस माणसं होती.

चार नंबरच्या खिडकीवर तिशीतली एक बाई होती. तिने नंबर टाइप केला आणि पडद्याकडे पाहून म्हणाली, “बिघाड नाहीये, काका. लाइन बंद केलीय. ग्राहकाचं निधन झाल्यामुळे.”

“लाइन माझी आहे.”

“लाइन बाईंच्या नावावर होती.”

मग अण्णांना आठवलं. वडील गेल्यावर लाइन नावावर करून घ्यायला कुणीतरी कामाच्या दिवशी जायला हवं होतं. अण्णा त्या वेळी दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवण्यात गुंतलेले होते, म्हणून धाकटी गेली आणि स्वतःच्या नावावर करून आली. संध्याकाळी म्हणाली होती, “आता फोन माझा. तुम्ही विचारून लावायचा.” ते चेष्टेत गेलं आणि तसंच राहिलं.

“पण तुम्हाला निधनाचं कळवलं कुणी?” अण्णांनी जरा आवाज चढवून विचारलं.

“तुम्हीच,” बाई म्हणाली आणि तिचा चेहरा एकदम उजळला. “अय्या, ते तुम्ही का? ते पत्र तुम्ही लिहिलंय? ते बघा, तिथे लावलंय.”

अण्णांनी मागे वळून पाहिलं. सूचनाफलकावर, काचेच्या आत, चार कोपऱ्यांना चार टाचण्या लावून त्यांचं स्वतःचं पत्र होतं. वर कुणीतरी जाड अक्षरात लिहिलं होतं, ‘अर्ज असा लिहावा.’

धाकटी गेल्यावर दहाव्या दिवशी अण्णांनी हे पत्र लिहिलं होतं. घरात काय करावं कळत नव्हतं, आणि मसुदा करणं एवढी एकच गोष्ट त्यांना येत होती. एक मसुदा केला, त्याच्या चौदा प्रती काढल्या, प्रत्येकीला दाखला जोडला आणि चौदा कचेऱ्यांना रजिस्टर टपालाने पाठवल्या. शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा सुधारलं होतं. ‘सबब, मयताचे नावे असलेल्या आपले कार्यालयाकडील सर्व सेवा तात्काळ बंद करण्यात याव्यात, ही विनंती.’ तेरा कचेऱ्यांनी काहीही केलं नाही. बँकेने उलट टपाली कळवलं की याबाबत खातेदाराने समक्ष येऊन सही करावी. वाचनालयाने धाकटीला पुस्तक परत करण्याविषयी तिसरं स्मरणपत्र पाठवलं. चौदावी कचेरी ही. हिने सात महिने घेतले, पण काम चोख केलं.

“आमच्याकडे इतकं स्वच्छ पत्र कधी आलंच नव्हतं,” बाई सांगत होती. “सगळ्या फायली मागे पडल्यात, पण हे मी हातात घेतलं आणि त्याच दिवशी लाइन बंद केली.”

अण्णांना काय वाटलं हे सांगणं अवघड आहे. माणसाचं कौतुक आणि माणसाची फजिती एकाच फलकावर, एकाच काचेत सहसा लावलेली नसते.

“लाइन परत सुरू करायची आहे,” ते म्हणाले. “गुरुवारी अकराच्या आत.”

“नवीन घेता येईल. नवा नंबर मिळेल.”

“नंबर तोच हवा.”

“मग बंद करण्याचा अर्ज तुम्ही मागे घ्या. लेखी. उद्या आणा.”

अण्णा हलक्या मनाने घरी आले. पत्र मागे घेणं म्हणजे डाव्या हातचा मळ. त्यांनी संध्याकाळी मसुदा केला आणि मंगळवारी दहाच्या ठोक्याला खिडकीत सरकवला. ‘संदर्भीय पत्रातील मजकूर या पत्रान्वये मागे घेण्यात येत आहे.’

बाईने वाचलं, परत वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

“काका, यात अडचण आहे. त्या पत्रातला मजकूर काय होता? की बाई वारल्या. तो तुम्ही मागे घेताय. म्हणजे त्या हयात आहेत असं लिहून देताय का?”

मागे रांगेत कुणीतरी घसा साफ केला.

“तेवढं एक वाक्य घातलंत तर माझं काम होईल,” बाई हळू आवाजात म्हणाली. “बाकीच्या कचेऱ्यांच्या कागदांवर अजून हयातच असतील ना त्या?”

अण्णांनी पेन घेतलं. कागद समोर ओढला. सात महिने दर गुरुवारी ते हेच तोंडाने सांगत आले होते, वहीत लिहीत आले होते. पण ती वही घरची होती. हा सरकारी कागद होता, त्यावर त्यांची सही जाणार होती. त्यांनी टोपण लावून पेन परत दिलं.

“मी खोटं लिहून देत नाही,” ते म्हणाले, आणि चौतीस वर्षांत हे वाक्य जेवढ्या रुबाबात म्हटलं असतं तेवढ्याच रुबाबात म्हणून बाहेर आले. रुबाब जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत टिकला.

संध्याकाळी काकू वाटीत काहीतरी घेऊन आल्या. पडद्यामागची बाई बाहेर आल्यामुळे त्यांचा राग गेला होता. अण्णांनी सगळं सांगितलं.

“मी म्हणते, तुम्ही ताईंना सांगून का टाकत नाही?”

“सांगणार आहे.”

“कधी?”

“फोन सुरू झाला की.”

“अहो, मोबाइल आहे की तुमच्याकडे. त्यांच्या मुलाला लावा, म्हणावं आईला दे.”

“असं मोबाइलवर सांगत नाहीत.”

“मग कशावर सांगतात?”

अण्णांनी शिवणयंत्रावरच्या काळ्या फोनकडे बोट दाखवलं. काकूंनी एकदा फोनकडे आणि एकदा अण्णांकडे पाहिलं.

“तुमच्या जागी ती असती,” काकू म्हणाल्या, “तर आजच मोकळी झाली असती. तिने तुमच्याबद्दल ताईंना काय सांगितलं असतं माहितीये? म्हणाली असती, गेले बाई, आणि जाताना सुद्धा कागद नीट लावून गेले.”

अण्णा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, त्यामुळे आवाज जरा घोगरा आला. आणि हसता हसता मध्येच थांबले.

कागद नीट लावून. पण होता का नीट?

बुधवारी ते रांगेत न जाता आधी फलकापाशी गेले. चष्मा पुसला. दुसऱ्याच्या अर्जातली त्रुटी काढणं हा त्यांचा हातखंडा होता. एका माणसाचा नळजोडणीचा अर्ज त्यांनी सहा वेळा परत पाठवला होता आणि सहाही वेळा त्रुटी खरी होती. आज पहिल्यांदा ते स्वतःचा अर्ज परक्याचा समजून वाचत होते. तारीख आहे. पत्ता आहे. सही आहे. सोबत जोडलेल्या कागदांची संख्या आहे. विषय: ‘मयताचे नावे असलेल्या सेवा बंद करणेबाबत.’

विषयात क्रमांक नव्हता. चौदा कचेऱ्यांना एकच मसुदा गेलेला. त्यात कुठेही फोन नंबर नव्हता, की ‘फोन’ हा शब्दसुद्धा नव्हता. असा अर्ज त्यांच्या टेबलावर आला असता तर त्यांनी तो न वाचता परत पाठवला असता आणि अर्जदाराला चार शब्दही ऐकवले असते.

खिडकीवरची बाई ऐकून पांढरी पडली. “पण मी नावावरून शोधून बंद केली हो. म्हणजे चूक माझी झाली?”

“नाही,” अण्णा म्हणाले. “अक्षर चांगलं होतं म्हणून तुम्हाला त्रुटी दिसली नाही. चूक अर्जदाराची. मी लिहून देतो.”

आणि त्यांनी तिथेच, उभ्याउभ्या, मसुदा न करता लिहिलं, ‘माझा संदर्भीय अर्ज अपूर्ण व सदोष होता. तो अर्जच नव्हे असे समजून त्यावर झालेली कार्यवाही रद्द करावी.’ ‘सदोष’ हा शब्द लिहिताना त्यांचा हात एकदा थांबला. दुसऱ्यांच्या कागदांवर तो त्यांनी हजारदा लिहिला असेल. स्वतःच्या नावाच्या वर तो फार मोठा दिसत होता. पण यात खोटं काही नव्हतं. त्यांनी सही केली.

बाईने शिक्का मारला. “नाव बदलायचा फॉर्म नंतर भरा. तोपर्यंत लाइन बाईंच्याच नावावर राहील. चालेल ना?”

“चालेल,” अण्णा म्हणाले. “विचारून लावीन.”

ती उठून फलकापाशी गेली, चार टाचण्या काढल्या आणि पत्र अण्णांच्या हातात दिलं. काचेच्या आत एक चौकोन तेवढा उजळ राहिला.

“आता इथे काय लावू?”

अण्णांनी पत्र तिला परत दिलं. “हेच लावा. वर फक्त शेवटचा शब्द बदला. अर्ज असा लिहू नये.”

गुरुवारी सकाळी नऊला लाइनमन येणार होता. तो दहा वाजून वीस मिनिटांनी आला. त्याच्या स्वागताला विमावाला, काकू आणि जिन्यातली मंडळी हजर होती. विमावाल्याला कुठेही चढायचं नाही या अटीवर आत घेतलं होतं.

लाइनमन खांबावर जाऊन आला, खिडकीशी काहीतरी जोडलं आणि फोन मागितला. अण्णांनी काळा फोन पुढे केला.

“हा?” तो म्हणाला. “काका, हा डबा माझ्या वडिलांच्या वेळचा आहे. हा वाजेल. बोलताही येईल. पण लावता येणार नाही. एक तर कुलूप आहे, आणि कुलूप काढलं तरी यावरून नंबर जाणार नाही.”

“मला कुठे लावायचाय?” अण्णा म्हणाले. “मला उचलायचाय.”

अकराला सात मिनिटं असताना रिसीव्हरमध्ये आवाज आला. अण्णांनी तो सगळ्यांना एकेक करून ऐकवला. मग सगळ्यांना बाहेर काढलं. काकू जाता जाता म्हणाल्या, “सांगा हं आज.” अण्णांनी मान हलवली. काल त्यांनी ‘सदोष’ लिहिलं होतं. त्या मानाने हे चार शब्द होते. वही त्यांनी मुद्दाम बंद करून बाजूला ठेवली.

अकरा वाजता फोन वाजला. बटणांचा फोन चिवचिवायचा. हा वाजला म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत वाजला, आणि बहात्तर वर्षांच्या अण्णांचे पाय आपोआप दाराकडे वळले. दोन पावलं गेल्यावर त्यांना आठवलं की पळत जायचं नाही, उचलायचा आहे.

“काय रे,” ताई म्हणाल्या. “धाकटीला बोलाव. पाच मिनिटांनी परत करते.”

“बोलावतो,” अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

पाच मिनिटं ते समोर बसून राहिले. रस्ता ओलांडायला लागायचा तेवढाच वेळ. फोन पुन्हा वाजला.

“आली का?”

“नाही आली, ताई.”

मग ताई म्हणाल्या, “दात?”

“नाही. दात नाही.”

“मग?”

अण्णांनी तोंड उघडलं. शब्द तयार होते, क्रमाने होते. त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“ताई, आपला फोन बंद पडला होता.”

“अगं बाई! कधी?”

आणि अण्णांनी सांगायला सुरुवात केली. एक-दोन वाक्यांत विषयावर यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण चप्पल सांगितल्यावर विमावाला सांगावा लागला, विमावाला सांगितल्यावर तार, आणि कावळ्याच्या काड्यांपाशी ताई हसू लागल्या. पडद्यामागच्या बाईपाशी त्यांना ठसका लागला, मागून सुनेचा पाणी आणल्याचा आवाज आला. फलकावरचं पत्र ऐकून त्या म्हणाल्या, “तुझा बापही असाच. कुलूप लावून किल्ली विसरणारा.” साठ वर्षांत फोनवर त्या अण्णांशी कधी पाच वाक्यांहून जास्त बोलल्या नव्हत्या. आज पंचवीस मिनिटं झाली.

“सगळं कळलं,” ताई शेवटी म्हणाल्या. “एकच नाही कळलं. तू ते पत्र लिहिलंस कशाला? लाइन बंद करा म्हणून?”

अण्णांनी तबकडीतल्या कुलपाला हात लावला.

“तेच सांगायचं होतं, ताई. तेवढंच राहिलं.”

पलीकडे ताई सुनेला म्हणाल्या, “तू जा आत.”

“असू दे,” ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. “पुढच्या गुरुवारी सांग. मी दोनदा नाही करणार आता. एकदाच करेन. तू थेट बोल.”

फोन ठेवल्यावर अण्णांनी वही उघडली, तारीख लिहिली आणि कारणाच्या रकान्यापाशी पेन धरून बसले. मग रकाना रिकामा सोडून वही मिटली. फोन सुरू आहे, नंबर तोच आहे, आवाज चांगला येतो. ताईंना सांगायचं मात्र अजून राहिलं आहे.